सर्व्हरवर गेलेला सातबारा

पेरणी तोंडावर आली की पीककर्जासाठी सातबारा लागतो, आणि नेमका तेव्हाच राज्यभरचा भार एकदम सर्व्हरवर पडतो. रोहण्याचा शेतकरी असो की विरूळचा, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात त्या दिवसांत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर कुणाला नवीन नाही. ज्या यंत्रणेमुळे हे उत्तर मिळतं तिचं नाव ई-फेरफार. पुण्याच्या जमाबंदी आयुक्तालयासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, ती घडवली. खरेदीखत, वारस, बोजा, वाटणी यांची गावोगावची नोंद आज तिच्यातूनच जाते.

यंत्रणेतल्या अडचणी दोन जातींच्या आहेत. त्या एकत्र मोजल्या की घोटाळा होतो.

पहिली जात निव्वळ यंत्राची. पान उघडत नाही, सही होता होता अडकते, बदलून आलेल्या तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी नव्या साझ्याला जोडलेली नसते. ही सही डोंगलमध्ये असते. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, पण ती हाताशी नसली तर साझ्याचं काम ठप्प. जोडणीसाठी तहसीलमधल्या नायब तहसीलदाराकडे, म्हणजे ‘डीबीए’कडे जावं लागतं, तिथं नाही सुटलं तर वर्ध्याच्या जिल्हा डोमेन तज्ज्ञाकडे, म्हणजे ‘डीडीई’कडे. आणि सर्व्हर मंद असला तर? त्यावरचा तोडगा महाराष्ट्रातल्या तलाठ्यांनी स्वतःच शोधला: रात्री जागायचं. दिवसा हलत नसलेलं पान रात्री उघडतं, म्हणून कित्येकांनी वर्षानुवर्षं नोंदी रात्रीच ओढल्या. या तोडग्याची किंमत माणसांनी झोप देऊन चुकवली, हे कुठल्याही प्रगती अहवालात दिसत नाही. ते दिसायला हवं.

दुसरी जात जास्त गुंतागुंतीची आहे. तिथं सॉफ्टवेअर बरोबर असतं, कागद चुकलेला असतो.

कागदाची ही चूक जुनी आहे. वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला. इथं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत, होती. ती 1951 मध्ये संपली. गावच्या नोंदी पटवाऱ्याच्या हातच्या आणि शेताचं माप एकर-डेसिमलमध्ये. आजही आर्वीकडचा म्हातारा माणूस तलाठ्याला पटवारीच म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. ती लागू झाली 15 ऑगस्ट 1967 ला. पुढे एकराचं हेक्टर-आर झालं, आणि त्या बदलात आकडे पूर्णांकात बसवताना बारीक तुकडे गळाले.

एक उदाहरण मांडतो. तीन भावांचं तीन एकर शेत, प्रत्येकाचा हिस्सा एक एकर. एक एकर म्हणजे 40.47 आर. तीन एकरांचे 121.41 आर होतात. पूर्णांकात 1 हेक्टर 21 आर. पण प्रत्येक भावाचे 40.47 आर पूर्णांकात 40 झाले, म्हणजे तिघांचे मिळून 1 हेक्टर 20. एक आर, 100 चौरस मीटर जमीन, वहीत कुणाच्याच नावावर उरली नाही. कागदावर हे वर्षानुवर्षं चाललं, कारण कागद बेरीज तपासत नाही. ई-फेरफार तपासतं. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही की तो सातबारा विसंगतीच्या यादीत जातो, आणि धाकट्या भावाला कर्ज काढायचं असलं की त्याची फाईल तिथंच अडते.

इथं दोन वाटा फुटतात. सोपी वाट अशी, की उरलेला एक आर कुणा एका भावाच्या नावे टाकायचा. बेरीज जुळते, विसंगतीची खूण जाते, काम उरकतं. यंत्र खूश, पण बाकीच्या भावांवर अन्याय झालेला असतो आणि तो पुढच्या पिढीत कोर्टात उगवतो. खरी वाट लांबची आहे. जुना एकराचा उतारा काढायचा, फेरफारांची साखळी तपासायची, एकूण क्षेत्र 1 हेक्टर 21 आर 41 चौरस मीटर करून प्रत्येकाला त्याचे 40 आर 47 चौरस मीटर द्यायचे, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी असलेल्या, महसूल संहितेतल्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश घेऊन मगच ऑनलाइन डाटा दुरुस्ती, ज्याला सगळे ‘ओडीसी’ म्हणतात, ती करायची. सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये लिहिता येतं, म्हणून आता हे शक्य आहे. कलम 155 चीही हद्द आहे. हात चुकला असेल तर ते कलम आहे. हक्कच बदलायचा असेल तर नाही. त्याच्या आडून नावं आत-बाहेर केल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आहेत. पळवाट आणि तोडगा यांत फरक आहे, आणि तो सांभाळणं हे सॉफ्टवेअरचं काम नव्हे, सही करणाऱ्याचं आहे.

काही ठिकाणी मात्र यंत्रणेनं लोकांची अडचण स्वतःच्या अंगावर घेतली. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरून तो घरबसल्या निघतो आणि साध्या कामासाठी आर्वीची खेप वाचते. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी आली. शिवारात रेंज नसली तर पिकाचा फोटो फोनमध्येच साठतो आणि गावात आल्यावर चढवता येतो. नोंद चुकली तर 48 तासांत शेतकऱ्याला ती स्वतः दुरुस्त करता येते. तोडगा असाच हवा: आधीपासून रचनेत बसवलेला, जागरण करणाऱ्याच्या भरवशावर न सोडलेला.

सगळ्यात जुनी अडचण मात्र मेलेल्या माणसांच्या नावांची. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर तेच खातेदार, असं घर प्रत्येक गावात सापडतं. 1 एप्रिल 2025 पासून राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली ती यासाठीच. इथं सर्व्हर कितीही वेगवान असला तरी उपयोग नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, गावातली चौकशी, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींची नावं सुटली नाहीत ना याची खातरजमा, हे सगळं माणसानं माणसाला विचारूनच होतं. त्यानंतर फेरफार ओढायचा, नोटिसा बजावायच्या; हरकतीचे 15 दिवस पुरे झाल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्याला ई-फेरफार तो प्रमाणित करू देत नाही.