भोंगा बंद, रेडिओ चालू

आपल्या कारखान्याच्या भोंग्याचे आणि आपल्या दिवसाचे नाते सभासद बंधूंना आम्ही सांगायला नको. हंगाम सुरू झाला की पंचक्रोशीतली घड्याळे भिंतीवर नुसती शोभेला उरतात. “पहिला भोंगा झाला का गं?” असे विचारून म्हातारी उठते, पाळीवाला डबा उचलतो, कोप्यांवर चुली पेटतात. एखाद्या दिवशी काही बिघाड होऊन भोंगा चुकला, तर फडातली माणसे मान वर करून चिमणीकडे बघू लागतात. काय झालं असंल बरं?

आता अशी कल्पना करा की एके दिवशी सरकारी हुकूम आला : आजपासून कोणत्याही कारखान्याने भोंगा वाजवायचा नाही. इंग्लंडात सप्टेंबर १९३९ मध्ये नेमके हेच घडले. जर्मनीशी युद्ध पुकारले गेले आणि भोंग्याचा आवाज हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवला गेला. जून १९४० पासून चर्चच्या घंटाही बंद झाल्या. शत्रूचे सैनिक हवाई छत्रीने उतरू लागले तरच त्या वाजवायच्या. रात्री दिवा बाहेर दिसता कामा नये. परका माणूस वाट विचारीत आला तर त्याला ती सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्यासुद्धा उपटून काढल्या.

आणि आमच्या शेतकरी वाचकांना सर्वांत जड जाईल ती गोष्ट पुढेच आहे. हवामानाचा अंदाज बंद! उद्या ढग आहेत की ऊन, हे शत्रूच्या विमानांना कळू नये म्हणून रेडिओवरून पावसापाण्याची माहिती देणेच थांबले. गवत कापून वाळत घातलेल्या शेतकऱ्याने आभाळाकडे बघावे आणि आपल्या गुडघ्याची कळ काय सांगते ते ऐकावे.

घंटा गेली, भोंगा गेला, दिवा गेला. वेळ सांगणारा आणि घराबाहेर काय चालले आहे ते सांगणारा एकच आवाज घरात उरला, तो रेडिओचा. त्या देशात तेव्हा रेडिओचे सुमारे ९० लाख परवाने होते. म्हणजे बहुतेक घरांत रेडिओ होता. पण वीज सगळीकडे नव्हती. खेड्यापाड्यांत आम्लाची काचेची बॅटरी असे. ती हातात धरून, कपड्यांवर आम्ल सांडणार नाही अशा बेताने दुकानात नेऊन भरून आणावी लागे. आपल्याकडे १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरचे रामायण बघायला ट्रॅक्टरची बॅटरी काढून नेणाऱ्यांना ही कसरत वेगळी समजावून द्यायला नको. युद्धात बॅटऱ्यांचीही टंचाई झाली. मग दिवसभर रेडिओ लावून ठेवण्याची चैन संपली. बातम्यांची वेळ झाली की लावायचा, बातम्या संपल्या की कान पिळायचा.

आधी मात्र बीबीसीचा अंदाजही चुकला होता, बरं का. १ सप्टेंबर १९३९ रोजी वेगवेगळी प्रादेशिक केंद्रे बंद करून देशभर एकच ‘होम सर्व्हिस’ सुरू झाली. देशभरची प्रक्षेपणकेंद्रे ठरावीक लांबीच्या लहरींवर एकत्र बोलू लागली, कारण वेगवेगळ्या लहरी असत्या तर जर्मन वैमानिकांनी त्यांचाच माग काढीत शहरे गाठली असती. सुरुवातीला तासातासाला बातम्या होत्या. पण सांगण्यासारखे काही नसे. तेच तेच ऐकून आणि मध्ये ऑर्गनच्या पेट्या ऐकून लोक वैतागले. तेव्हा कार्यक्रमाची घडी पुन्हा बसवली गेली, आणि ती अशी बसली की लोकांनी आपला दिवस तिच्यावर बेतला.

सकाळी ७ वाजता बातम्या, मग थोडा व्यायाम. घरातल्या बायकांनी वाकायचे कसे आणि हात ताणायचे कसे ते रेडिओवाला सांगणार. ८ वाजता पुन्हा बातम्या. त्यानंतर सव्वाआठला पाच मिनिटांचा ‘किचन फ्रंट’, म्हणजे चुलीवरची आघाडी म्हणा ना. हा कार्यक्रम १९४० च्या उन्हाळ्यात सुरू झाला. बाजाराला निघण्याआधी बायका पेन्सिल घेऊन बसत. आज काय मिळेल, काय मिळणार नाही, अंड्याशिवाय केक कसा करायचा, गाजराने गोडी कशी आणायची, हे सगळे त्या पाच मिनिटांत.

गाजराने का, ते आपल्या वाचकांना कळायला हवे. ८ जानेवारी १९४० पासून तिथे साखरेचे रेशन सुरू झाले. सुरुवातीला माणशी आठवड्याला १२ औंस मिळत होती, पुढे बराच काळ ८ औंस मिळाली. आपल्या जुन्या मापाने जेमतेम पावशेर! त्यातच आठवड्याचा चहा, त्यातच खीर. त्यांची काही साखर घरच्या बीटची, आणि उरलेली समुद्रापलीकडच्या उसाची. ती आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवीत होत्या. साखरेचे पोते म्हणजे खलाशाचा जीव, हे त्या बायकांना सकाळी आठच्या बातम्यांतच कळत असे. आणि सव्वाआठला गाजर.

कारखान्यांसाठी वेगळी सोय होती. २३ जून १९४० पासून सकाळी साडेदहाला आणि दुपारी ३ ला अर्धा अर्धा तास संगीत लागू लागले. ते कर्ण्यांवरून थेट यंत्रांपाशी सोडायचे. पुढे रात्रपाळीसाठीही एक वेळ ठेवली. त्याचे नियम मोठे मजेशीर होते. फार संथ चाल नको, झोप येते. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ नावाच्या एका गाण्याला तर मनाईच झाली, कारण त्यात टाळ्यांची जागा होती आणि कामगार त्या जागी हातातल्या पान्याने यंत्रावर ठोके देत. आमचे फिटर मंडळी हे वाचून हसतील. पण साहेबांची भीती खोटी नव्हती, असे आमचे मत आहे! १९४१ पासून कँटीनमधूनच गाण्याबजावण्याचे कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. दुपारी १ ला बातम्या, संध्याकाळी मुलांसाठी कार्यक्रम, ६ ला बातम्या. गुरुवारी रात्री साडेआठला विनोदी कार्यक्रम असे. त्याच्यासाठी माणसे कामे आटोपून घर गाठत.

आणि रात्री ९. साऱ्या दिवसाचा कळस तिथे. लंडनच्या बिग बेन घड्याळाचे ठोके पडत. नोव्हेंबर १९४० पासून त्या ठोक्यांच्या वेळी मिनिटभर गप्प बसून रणांगणावरच्या आपल्या माणसाची आठवण काढण्याची प्रथा पडली. मग बातम्या. दीड कोटींहून अधिक माणसे एकाच वेळी ऐकत. ज्याच्या घरी रेडिओ नाही तो शेजाऱ्याकडे जाई.

बातम्या देणारा आधी आपले नाव सांगे. पूर्वी ही पद्धत नव्हती. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मन सैन्य इंग्लंडात उतरणार अशी धास्ती पसरली. शत्रूने एखादे केंद्र ताब्यात घेऊन बीबीसीच्या नावाने खोट्या बातम्या दिल्या तर? म्हणून वाचणाऱ्याने नाव सांगायचे आणि लोकांनी त्याचा आवाज ओळखून ठेवायचा. अल्वार लिडेल, फ्रँक फिलिप्स, ब्रूस बेलफ्रेज ही नावे घराघरांत झाली. पुढे १९४१ मध्ये यॉर्कशायरच्या बोलीचा विल्फ्रेड पिकल्स हा वाचक आणला. त्याची बोली जर्मनांना वठवता येणार नाही, असा हिशेब. पण खुद्द इंग्रज श्रोत्यांनीच तक्रार केली, की गावरान बोलीत ऐकलेली बातमी खरी वाटत नाही! आपल्याकडेही शुद्ध बोलणाऱ्याचे खोटे लवकर खपते. असो.

१५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बेलफ्रेज तळघरातल्या स्टुडिओत नऊच्या बातम्या वाचत होता. तासाभरापूर्वी एक बाँब त्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरून आत शिरून खाली रुतला होता, पण फुटला नव्हता. बातम्या सुरू झाल्या आणि दोनच मिनिटांत तो फुटला. इमारतीतली सात माणसे ठार झाली. घरी ऐकणाऱ्यांना नुसता ‘धप्प’ असा आवाज आला. क्षणभर थांबून, अंगावरची धूळ तशीच ठेवून बेलफ्रेज पुढचे वाक्य वाचू लागला. श्रोत्यांना काय झाले ते नंतर कळले.

आम्हाला या प्रसंगातले धाडस तर भावतेच. पण लोक त्या आवाजावर विसंबत होते ते निराळ्या कारणाने. हार झाली तर हार झाली असे सांगितले जाई. डंकर्कहून सैन्य माघारी आले, सिंगापूर पडले, टोब्रुक पडले, हे सगळे त्याच नऊच्या बातम्यांत सांगितले गेले. वाईट बातमी ज्याने लपवली नाही, त्याची चांगली बातमी खरी धरावी, हा साधा हिशेब. हॅम्बुर्गहून विल्यम जॉइस नावाचा माणूस जर्मनीच्या बाजूने इंग्रजीत बोलत असे. सुरुवातीला लाखो इंग्रज त्यालाही ऐकत आणि हसत. त्याला ऐकायला कायद्याने बंदी नव्हती. उलट जर्मनीत परदेशी केंद्र ऐकणे १ सप्टेंबर १९३९ पासून गुन्हा होता. ऐकलेले दुसऱ्याला सांगितले तर फाशीपर्यंत शिक्षा होती, आणि ती दिलीही गेली. तरी तिथली माणसे घोंगडीखाली डोके घालून, आवाज बारीक करून लंडन लावीतच.

पण बीबीसी अगदी धुतल्या तांदळासारखी होती असेही आम्ही म्हणणार नाही. १५ सप्टेंबर १९४० च्या हवाई लढाईत शत्रूची १८५ विमाने पाडली असे सांगितले गेले. युद्धानंतर जर्मन कागद पाहिले तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. वैमानिक धुमश्चक्रीत एकच विमान दोघे तिघे मोजतात, हे खरे. पण सांगणाऱ्यांनाही तो आकडा हवासा होता, हेही खरे.

आणि आपल्या देशाचा विषय निघाला की ते मोकळेपण आणखी आटे. १९४२ मध्ये बीबीसीने मराठीतूनही बोलायला सुरुवात केली. ‘ॲनिमल फार्म’ लिहिणारा जॉर्ज ऑर्वेल तेव्हा तिथल्या हिंदुस्थान विभागात नोकरीला होता. तो इंग्रजीत आठवड्याचे वार्तापत्र लिही, आणि त्याचे मराठी करून लंडनहून वाचले जाई. वाचणाऱ्यांत वेणू चितळे होत्या. कोल्हापूरकडच्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, १९३४ मध्ये विलायतेला गेलेल्या. ऑर्वेलच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि वर सांगितलेल्या चुलीच्या कार्यक्रमातही इंग्रज बायकांनी त्यांचा आवाज ऐकला. बाँब पडत असलेल्या लंडनमधून कोल्हापूरकडची मुलगी मराठीत बोलते आहे, ही गोष्ट आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम लिहिले.

पण इकडे ऐकणारे किती? रेडिओ होते वकील, डॉक्टर, इनामदारांकडे. आणि ज्यांच्याकडे होते त्यातले बरेच जण रात्री दार लावून बर्लिन शोधीत, कारण तिथून नेताजींचा आवाज येई. ऑर्वेलला स्वतःलाच वाटू लागले की आपले श्रम वाया चालले आहेत, आणि १९४३ मध्ये त्याने राजीनामा दिला. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. ‘चले जाव’च्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. तेव्हा इथल्या माणसाला डंकर्कचे खरे ऐकायचे नव्हते, चिमूर आष्टीचे खरे ऐकायचे होते.

ते त्याला ऐकवले मुंबईतल्या काही तरुण पोरांनी. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ‘हिंदुस्थानातून कुठून तरी’ एवढाच पत्ता. त्यात उषा मेहता होत्या, वय अवघे २२. पोलिसांच्या गाड्या माग काढीत, म्हणून आज या घरात यंत्र, उद्या त्या घरात. पण संध्याकाळची वेळ चुकायची नाही, कारण वेळ चुकली तर ऐकणारा माणूस तुटतो. चिमूर आष्टीचे अत्याचार, जमशेदपूरचा संप असे सगळे तिथून कळे. १२ नोव्हेंबरला पोलीस दार फोडून आत आले, तेव्हा वंदे मातरम्‌ची तबकडी चालू होती. ती थांबवायला पोरांनी नकार दिला. त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ फुटला होता. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली आणि येरवडा.

ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना स्वतःचाही एक अनुभव असेल. डिसेंबर १९७१ मध्ये ऐन गळितात युद्ध आले, तेव्हा वजनकाट्यापाशी बैलगाड्यांची रांग लागलेली असायची आणि एका ट्रान्झिस्टरभोवती गाडीवान, चिटबॉय, सगळे गोळा व्हायचे. बातम्यांची वेळ झाली की गाडी पुढे सरकवायचे कुणाच्या ध्यानात राहत नसे. १६ तारखेला ढाक्याची बातमी आली, त्या दिवशी पुढची गाडी हलली नाही म्हणून मागच्याने शिवी दिली नाही, असे जुने लोक सांगतात.

इंग्लंडात ८ मे १९४५ रोजी युरोपातले युद्ध संपल्याचा आनंद साजरा झाला, आणि त्याच सुमारास रेडिओवर हवामानाचा अंदाज परत आला. पाच वर्षे आठ महिने तो नव्हता. चर्चच्या घंटा त्याआधीच मोकळ्या झाल्या होत्या. वेणूताई १९४७ मध्ये मायदेशी परतल्या. साखरेचे रेशन मात्र उठले २७ सप्टेंबर १९५३ ला. नऊच्या बातम्या ऐकताना चहात एक चमचा साखर जास्त घालायला त्या बायकांना शांततेतही आठ वर्षे थांबावे लागले.