रुमालाखालचा भाव

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पुतण्याने अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग एका व्यापाऱ्याला दिली. बाग ‘दिली’ म्हणजे आंबिया बहराचं फळ झाडावर असतानाच सगळ्या बागेचा एकठोक भाव ठरवला. सगळी बोलणी मोबाइलवर, निरोपाच्या एका अ‍ॅपवर झाली. व्यापाऱ्याने फोटो मागवले, झाडं किती ते विचारलं, आकडा लिहिला. पुतण्याने होकार लिहिला. इसार ‘उद्या-परवा पाठवतो’ असं ठरलं. पंधरा दिवसांत बाजार उतरला. तोडणीला कोणी फिरकलं नाही. फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे विचारणा झाली, “आपला आकडा कधी ठरला होता?”

पुतण्याने अ‍ॅप उघडलं. तिथे काहीच नव्हतं. निरोप चोवीस तासांत आपोआप पुसले जावेत, अशी सोय व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी चालू केली होती. तशी एक ओळ पडद्यावर आलीही होती, पण बागेच्या भावात जीव अडकलेला माणूस असल्या ओळी वाचत नाही. “काका, सगळं पुसल्या गेलं,” तो म्हणाला. बाग शेवटी मिळेल त्या भावाने गेली.

त्या रात्री मला वडिलांचा बैल आठवला. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा वडिलांनी जोडीतला एक बैल बाजारात नेला. मी दहा वर्षांचा होतो. दलालाने खांद्यावरचा पंचा काढून आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर टाकला. पंच्याखाली बोटं हलली. धरलेली बोटं म्हणजे आकडा, आणि तो दहांत धरायचा की शेकड्यांत, ही त्या दोघांची समजूत. मग दलालाने वळून वडिलांना भाव सांगितला. बैल वडिलांचा, कासरा वडिलांच्या हातात, पण भाव मात्र त्यांना कानाने ऐकावा लागला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच गिऱ्हाइकाशी गाठ पडली, तेव्हा कळलं की त्याने चाळीस रुपये जास्त मोजले होते.

एका सौद्यात रुमाल होता, दुसऱ्यात मोबाइल. दोन्हींत व्यवहार झाकलेला होता आणि दोन्हींत नुकसान शेतकऱ्याचंच झालं. मग झाकणं हेच वाईट म्हणायचं का? या प्रश्नाने मला वर्षभर बऱ्याच वाचनात गुंतवलं. हाती लागलं ते इथे मांडतो.

*

रुमाल काढून घेण्याचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. कापसाच्या व्यापारासाठी १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने वऱ्हाडात कारंजा इथे नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात तिथूनच मोजतात. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये आपला कायदा केला. पुढे महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा १९६३ चा आणि त्याखालचे नियम १९६७ चे. या सगळ्या कायद्यांचा रोख एकच होता: माल उघड्यावर तोलावा, भाव उघड्यावर ठरावा. गुप्त खुणांनी भाव ठरवायला मनाई झाली आणि मोंढ्यात उघडा लिलाव आला.

तरीही रुमाल टिकला. जनावरांच्या बाजारात तो अजून दिसतो. केवळ लबाडीमुळे तो टिकला, असं मात्र मला वाटत नाही. भाव झाकण्यात विकणाऱ्याचाही काही वेळा फायदा असतो. निकडीपोटी मी कमी भावाने विकतोय, हे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळलं की तो त्याहून खाली मागतो. गावात घरी किती रक्कम येणार हे कळलं की संध्याकाळी उसनवारीवाले दारात उभे राहतात. झाकायला नेमकं काय हवं, हे गरजवंताला चांगलं कळतं. म्हणून विचारायचं ते इतकंच, की रुमाल कुणापासून झाकतो? वडिलांच्या वेळी तो मालाच्या मालकापासूनच झाकत होता.

*

आता एप्रिल २०१६ कडे येऊ. त्या एका महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात चार गोष्टी घडल्या. जगभर विकेंद्रित बाजाराचं ‘ओपनबझार’ हे सॉफ्टवेअर पहिल्या पूर्ण आवृत्तीत खुलं झालं. ५ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या सगळ्या वापरकर्त्यांचे निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद केल्याचं जाहीर केलं. ११ तारखेला आपल्याकडे यूपीआयची सुरुवात झाली. १४ तारखेला ई-नाम, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजाराचं संगणकीय व्यासपीठ, देशातल्या २१ बाजारांत सुरू झालं. महाराष्ट्रातल्या बाजार समित्या पुढे टप्प्याटप्प्याने त्यात आल्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रुमाल टाकणाऱ्या होत्या, दुसऱ्या दोन रुमाल काढणाऱ्या. ई-नाममध्ये बोली संगणकावर नोंदली जाते, यूपीआयमध्ये प्रत्येक रुपयाची खूण राहते. आजचा शेतकरी या चारही प्रवाहांत एकाच वेळी उभा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपने वापरलेलं कुलूप ‘सिग्नल’ या अ‍ॅपच्या कर्त्यांनी घडवलं. त्याची रीत अशी: निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीच्या हाती फक्त बंद पेटी असते. शिवाय किल्ली सतत बदलत राहते. उद्या एखादी किल्ली चोरीला गेली तरी कालचे निरोप तिने उघडत नाहीत. दलालाच्या रुमालाच्या नेमकं उलटं हे झाकण आहे. इथे बोलणारे दोघे आत आणि मधला बाहेर.

पण रुमालाखाली बोटं दिसत नसली, तरी कोण कुणाशी हात मिळवतोय हे सगळ्या बाजाराला दिसतंच. कुलूपबंद निरोपाचंही तसंच आहे. काय लिहिलं ते झाकतं. कोणी, कुणाला, केव्हा लिहिलं ते उरतं. बियाण्याच्या दुकानदाराशी, मग सावकाराशी, मग बाग घेणाऱ्याशी एकाच दुपारी झालेलं बोलणं आतला मजकूर न वाचताही खूप काही सांगून जातं. म्हणून अशा अ‍ॅपमधल्या पुढच्या सुधारणा रुमालाची कडा आणखी खाली ओढणाऱ्या होत्या. सिग्नलने २०१८ मध्ये पाठवणाऱ्याचं नाव आपल्याच यंत्रणेपासून झाकण्याची सोय आणली, आणि २०२४ मध्ये फोन नंबर समोरच्याला न दाखवता बोलण्याची. आपोआप पुसले जाणारे निरोप सिग्नलमध्ये २०१६ मध्ये आले, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२० च्या अखेरीस.

ही पुसण्याची सोय वाईट हेतूने केलेली नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला लिहिणारी बाई, बातमीदाराला माहिती देणारा कारकून, आजार लपवावा लागणारा माणूस यांना उद्या कुणी फोन हिसकावला तर आजचं बोलणं सापडू नये, यासाठी ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्या हक्काला घरगुती रूप देणारीच ही सोय आहे.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. सिग्नलच्या रीतीत निरोप अमक्यानेच पाठवला याची खात्री घेणाऱ्याला होते, पण ती त्याला तिसऱ्यापुढे सिद्ध करता येऊ नये, अशी रचना मुद्दाम केलेली आहे. तसा निरोप घेणाऱ्यालाही रचता आला असता, असं म्हणायला जागा ठेवलेली असते. तोंडी बोलण्याला असते तशी नाकबूल करण्याची मुभा. गप्पांसाठी ही मुभा फार मोलाची आहे. सौद्यासाठी तीच घातक. पुतण्याची चूक मला इथे सापडली. ज्या जागेची घडणच ‘मी असं बोललो नाही’ म्हणण्यासाठी झालेली आहे, त्या जागी त्याने बाग विकली.

*

निरोप आणि बाजार एकाच अ‍ॅपमध्ये आणणाऱ्यांनी या अडचणीचा विचार केला होता का? ओपनबझारची कथा यासाठी पाहण्यासारखी आहे. टोरंटोतल्या एका स्पर्धेत २०१४ मध्ये तिचा पहिला आराखडा झाला. कल्पना अशी, की बाजाराला मालक नको, आडत नको, दुकान थेट विकणाऱ्याच्या संगणकावर, पैसे बिटकॉइनमध्ये.

या बाजारात बोलणी आणि सौदा वेगळे ठेवले होते. बोलणी खासगी. सौदा ठरला की त्याचा करार तयार होई, आणि त्यावर दोघांची अंकीय सही. ही सही ज्याच्याजवळ गुप्त किल्ली त्यालाच करता येते, पण खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. करार दोघांजवळ राहतो. गावभर होत नाही आणि पुसलाही जात नाही. गुप्तता आणि पुरावा एकमेकांचे वैरी नाहीत, हे मला या रचनेतून कळलं. आपली काटापट्टीही तशीच: दोन खिशांत दोन प्रती, चावडीवर कुणी वाचत नाही, पण तंटा झाला तर निघते.

पैशांची सोय इसारासारखी होती. रक्कम एका पेटीत, पेटीला तीन किल्ल्या: एक घेणाऱ्याची, एक विकणाऱ्याची, एक मध्यस्थाची. कोणत्याही दोन लागल्या की पेटी उघडे. दोघांचं जमलं तर मध्यस्थाला कुणी विचारायचंही नाही. बिनसलं तरच त्याने एका बाजूला किल्ली लावायची. म्हणजे आडत्याला बाजारातून हाकललं नव्हतं. त्याला उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं होतं.

पहिल्या आवृत्तीत एक गैरसोय होती. विकणाऱ्याचा संगणक बंद झाला की त्याचं दुकानही बंद. २०१७ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने ती दूर केली. दुकानाच्या प्रती जाळ्यातल्या इतर संगणकांवर राहू लागल्या. आपला ठावठिकाणा झाकून दुकान मांडण्याची सोय आली. पुढे आणखी चलनं आली. २०१९ मध्ये त्याच मंडळींनी मोबाइलसाठी ‘हेवन’ नावाचं अ‍ॅप काढलं. त्यात खासगी गप्पा, दुकान आणि पैशांचं पाकीट, तिन्ही एका ठिकाणी.

जानेवारी २०२१ मध्ये हे सगळं चालवणाऱ्या ओबी-१ या कंपनीने आपली यंत्रणा बंद करत असल्याचं जाहीर केलं. मालक नसलेला बाजार कंपनी थांबल्यावर ओस पडला. शोध, पाकिटांचा आधार, नव्या माणसाला जाळ्यात शिरण्याची वाट, या गोष्टी कंपनीच्याच संगणकांवर टेकल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या खासगीपणाच्या अटींवरून भारतात गदारोळ उठला आणि लाखोंनी सिग्नल उतरवून घेतलं. निरोपांचं कुलूप तेव्हाही शाबूत होतं. पण अटी बदलण्याची सत्ता कुणाकडे आहे, हे लोकांना प्रथमच जाणवलं. रुमाल आपल्या हातावर असतो, पण त्याचं टोक दुसऱ्याच्या मुठीत असतं. प्रत्येक अपडेटमध्ये ती मूठ हलते.

या बाजारात आणखी एक कमी होती, आणि ती आपल्या जुन्या व्यवहाराशेजारी ठेवली की ठळक होते. हुंडी हरवली तर सावकार ‘पैठ’ लिहून देई, तीही हरवली तर ‘परपैठ’. माणसं एकमेकांना ओळखत होती म्हणून कागद पुन्हा उभा राही. बिटकॉइनच्या पाकिटाची किल्ली आणि ती परत मिळवण्याचे शब्द हरवले, तर पैठ लिहून देणारा कुणीच नसतो. मधल्या माणसाला पूर्ण वगळण्याची ही किंमत आहे.

*

जालन्यात बसून या परदेशी अ‍ॅपची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. कारण आमचा बाजार आधीच फोनमध्ये शिरलेला आहे. इथल्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जावं लागे. आता पोतं गाडीत चढवण्याआधी दोन्हीकडचा भाव फोनवर पाहता येतो. मोसंबीच्या बागा फोटोवर विकल्या जातात. हे थांबणार नाही, थांबूही नये. बाजारभाव सगळ्यांना दिसावा आणि माझी निकड कुणाला दिसू नये, हे दोन्ही शेतकऱ्याच्या हिताचं आहे.

म्हणून अ‍ॅपमध्ये नवी सोय आली, की मी आता तीन गोष्टी पाहतो. ती सोय कुणापासून झाकते: तिऱ्हाइतापासून, की समोरच्यापासूनच? ती बदलण्याची किंवा बंद करण्याची सत्ता कुणाकडे आहे? आणि तंटा झाला तर दोघांच्या हाती काय उरतं? पुसले जाणारे निरोप पहिल्या कसोटीला चांगले उतरतात, तिसऱ्या कसोटीला मुळीच नाही. तेव्हा त्यांचा उपयोग बोलण्यापुरता. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ तेवढ्या कारणाने रद्द ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १० अ सांगतं. पण करार झाला हे दाखवायला काहीतरी शिल्लक लागतंच.

यंदा पुतण्याने बाग दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली. भावाची घासाघीस पुन्हा मोबाइलवरच झाली, आणि आकडा त्याने मलाही सांगितला नाही. पण ठरलं त्याच दिवशी दोघं बांधावर भेटले, वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या आणि दोघांनी आपापल्या फोनमध्ये पानाचा फोटो घेतला. इसार यूपीआयने आला. व्यापाऱ्याने शेऱ्याच्या जागी काही लिहिलं नव्हतं, म्हणून पुतण्याने तो परत केला आणि ‘मोसंबी बाग, इसार’ असं लिहून पुन्हा पाठवायला लावला.