यवद्वीपाची सफर : एकत्र कुटुंबाने ती कशी योजावी?

परदेशपर्यटन ही गोष्ट आता वऱ्हाडातील मध्यम स्थितीच्या घरांसही नवलाची राहिलेली नाही. मुले पुण्यामुंबईस किंवा परदेशी चांगल्या हुद्द्यावर असतात, घरी वृद्ध मातापितरे असतात, आणि एखाद्या वर्षी षष्ट्यब्दीच्या अथवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने ‘या खेपेस सर्वांनी मिळून परदेशी जाऊ, खर्चाचा विचार करू नका’ असा प्रस्ताव दिवाळीच्या फराळाबरोबरच पुढे येतो. प्रस्ताव स्तुत्य खराच. परंतु ‘खर्चाचा विचार करू नका’ याचा अर्थ ‘विचारच करू नका’ असा घेतला जातो, आणि एखाद्या रंगीत पत्रकावर बोट ठेवून नऊ दिवसांत चार देश पाहण्याचे ठरते. परत आल्यावर आजीला विचारावे, तर तिला आठवतात त्या विमानतळावरील रांगा, पहाटे चार वाजता बांधलेल्या पेट्या, आणि मोटारीच्या खिडकीतून पळालेली देवळे. पैसा भरपूर गेला. सुख मात्र वाट चुकले.

अमडापुरासारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाने अशी ऐषारामाची सफर आखावयाची झाल्यास काय ध्यानी धरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. त्यातील मुख्य सूत्र आरंभीच सांगून टाकतो. प्रवासातील खरे ऐश्वर्य म्हणजे अवकाश होय. पैसा खर्चावयाचा तो अधिक स्थळे विकत घेण्यासाठी नव्हे, तर थोड्या स्थळी अधिक वेळ, वृद्धांस विसावा आणि पाहिलेल्या वस्तूचा अर्थ सांगणारा जाणता मनुष्य मिळावा यासाठी.

प्राचीन इतिहास आणि नानाविध भूप्रदेश ही दोन्ही एकाच प्रवासात पाहावयाची, तर मिसर, ग्रीस ही नावे प्रथम सुचतात. ते देश थोरच आहेत. तथापि ज्या घरात संस्कृताचा थोडाफार संस्कार आहे, त्या घरास आम्ही प्रथम यवद्वीप व बलिद्वीप, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील जावा व बाली, ही बेटे सुचवू. तेथील शिळांवर कोरलेल्या कथा आपल्या लहान मुलांसही ठाऊक असतात. डोंगर, पठारे, भातशेती व समुद्र ही सर्व थोड्या अंतरात भेटतात. शिवाय घड्याळात जावा आपल्यापुढे दीड तास आणि बाली अडीच तास एवढाच फरक असल्याने वृद्धांची झोपेची व औषधाची वेळ फारशी बिघडत नाही.

या भूमीचे नाव आपणांस नवे नाही. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात सुग्रीव वानरांस दिशा सांगतो, तेथे यवद्वीपाचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात पश्चिम जावात पूर्णवर्मा नामक राजा राज्य करीत होता. त्याच्या तुगू येथील संस्कृत शिलालेखात ‘गोमती’ नावाचा कालवा एकवीस दिवसांत खणल्याची आणि ब्राह्मणांस सहस्र गाई दान केल्याची नोंद आहे. त्याच लेखात आधीच्या एका जलप्रवाहाचे नाव ‘चंद्रभागा’ असे आले आहे. पंढरीच्या वाटेवरील मनुष्यास हे नाव परदेशातील शिळेवर भेटावे, यापरते कौतुक कोणते? मध्य जावातील चंगल येथे संजय राजाने शिवलिंग स्थापिल्याचा लेख मिळाला आहे. त्यावरील काल शके 654, म्हणजे इसवी सन 732. आपल्या भिंतीवरील पंचांगात जो शक छापलेला असतो, तोच हा शक. पुढील काळात समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य मानून आपल्या समाजाने घरची दारे लावून घेतली. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके गाई दान घेणारे ब्राह्मण समुद्रापलीकडे नांदत होते, ही गोष्ट ते शिलालेखच सांगतात.

प्रत्यक्ष सफरीत मुक्कामाचे पहिले ठाणे योग्यकर्ता हे असावे. या नगराचे नाव ‘अयोध्या’ या शब्दावरून आले असे मानतात. तेथून सुमारे सतरा किलोमीटरांवर प्रंबनन येथील शिवालय आहे. इसवी सन 856 च्या एका लेखाशी त्याच्या प्रतिष्ठापनेचा संबंध जोडतात. मधले शिवमंदिर 47 मीटर उंच असून दोन बाजूंस ब्रह्मा व विष्णू यांची मंदिरे आहेत. शिवमंदिराच्या निरनिराळ्या गाभाऱ्यांत महादेव, गणेश, अगस्त्य आणि महिषासुरमर्दिनी यांच्या मूर्ती आहेत. बल्लाळी देवीस नवरात्रात नेमाने जाणाऱ्या आमच्या अमडापूरकर भगिनींस तेथील दुर्गेची ओळख करून देण्याचे कारण पडणार नाही. रामायणाचे शिल्पपट शिवमंदिराच्या कठड्यावर सुरू होऊन ब्रह्ममंदिरावर पूर्ण होतात. ज्यांनी भट्टिकाव्य वाचले आहे त्यांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : प्राचीन जावी भाषेतील रामायण पुष्कळ अंशी त्याच काव्याच्या आधारे रचलेले आहे. आज जावातील बहुसंख्य लोक इस्लामधर्मीय आहेत. तरीही प्रंबननच्या पायथ्याशी 1961 पासून रामायणाचे नृत्यनाट्य होत आले आहे. कथा कोणाची, हा वाद तेथे कोणी घालीत नाही, हेही मुलांनी पाहण्यासारखे आहे.

दुसरे स्थळ बोरोबुदूर. आठव्या-नवव्या शतकांत शैलेंद्र राजांच्या काळी उभारलेला हा महायान बौद्धांचा दगडी मेरूच होय. सहा चौकोनी व तीन वर्तुळाकार अशा नऊ पायऱ्या, 2672 शिल्पपट, 504 बुद्धमूर्ती आणि शिरोभागी मधल्या स्तूपाभोवती 72 जाळीदार स्तूप, असा त्याचा विस्तार आहे. आमचा बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच वसलेला आहे. अजिंठ्यास शिल्पकारांनी डोंगर आत कोरीत नेला. बोरोबुदुरास टेकडीवर दगडावर दगड रचून डोंगर केला. म्हणून आमचे सांगणे असे, की परदेशी जाण्यापूर्वी कुटुंबाने एक दिवस अजिंठ्यास अवश्य काढावा. तेथील जातककथा पाहिल्यावर त्याच कथा बोरोबुदुरास ओळखू येतात, आणि ओळखीसारखा आनंद दुसरा नाही.

बोरोबुदुरावर चढण्याविषयी एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. दगड झिजू नये म्हणून 2023 पासून वर चढणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित केली आहे. चढण्याचे तिकीट निराळे असते, वेळ नेमून मिळते, आणि पायांत विणलेल्या खास वहाणा घालाव्या लागतात. त्या वहाणांचे नाव ‘उपानत’! अमरकोश पाठ केलेल्या मनुष्यास परदेशातील तिकिटाबरोबर ‘उपानह्’ शब्द हाती मिळतो. पायऱ्या मात्र उंच व उभ्या आहेत. घरातील वृद्ध मनुष्यास बल्लाळी देवीच्या टेकडीवर जाताना किती वेळा बसावे लागते, हे आधी पाहून ठेवावे, म्हणजे अंदाज येईल. ज्यांस चढणे झेपणार नाही त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. तेथून तीन किलोमीटरांवर मेंदुत येथे लहानशा मंदिरात तीन मीटर उंचीची शांत बुद्धमूर्ती आहे. नातवंडे वर चढतात तोवर आजोबांनी तिच्यापुढे स्वस्थ बसावे.

आता भूप्रदेशाविषयी. आपली काळी कपाशीची जमीन ज्या काळवत्थरी दगडापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा होय. आपला अग्नी कधीच विझला. जावातील अग्नी मात्र आजही जागा आहे. योग्यकर्त्याच्या उत्तरेस मेरापी पर्वत धुमसत असतो. 2010 सालच्या त्याच्या उद्रेकात तीनशेंहून अधिक माणसे दगावली आणि बोरोबुदूर राखेने माखले. हाच अग्नी मारतो व हाच पोसतो. त्याच्या राखेवर तेथील भातशेती उभी आहे. प्रंबननजवळ संबिसारी येथे 1966 साली एका शेतकऱ्यास नांगरताना दगड लागला, आणि राखेखाली साडेसहा मीटर गाडले गेलेले नवव्या शतकातील शिवमंदिर बाहेर आले. दिएंग हे सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचे पठार थंड आहे; तेथे गंधकाच्या वाफा निघतात आणि लहान शिवालयांस अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे आहेत. बालीत याहून निराळी सृष्टी. तेथील डोंगरउतारावरील भातखाचरांस पाणी वाटून देण्याची ‘सुबक’ नावाची जुनी सामुदायिक व्यवस्था 2012 साली जागतिक वारशात गणली गेली. पाटाच्या पाण्यावरून भाऊबंदकी झालेल्या घरांनी ती मुद्दाम पाहावी.

या सर्वांस चौदा दिवस द्यावेत, आणि मुक्कामाची ठिकाणे दोनच ठेवावीत. पाच रात्री योग्यकर्त्यास, पाच बालीत. उरलेले दिवस येण्याजाण्यास व विश्रांतीस. एक दिवस पाहण्याचा, एक स्वस्थतेचा, हा क्रम मोडू नये. तरुणांस ब्रोमोचे ज्वालामुख व त्याभोवतीचे वाळूचे मैदान पाहावयाचे असल्यास त्यांनी योग्यकर्त्याहून आगगाडीने सुराबाया गाठून तिकडे जावे. वडील मंडळींनी विमानाने थेट बालीस जाऊन विसावावे. एकत्र कुटुंबाने सर्वकाळ एकत्रच फिरले पाहिजे असा काही धर्म नाही. रात्री एका पंगतीस बसले म्हणजे पुरे.

ऋतू साधारणतः मे ते सप्टेंबर हा कोरडा व अनुकूल असतो; जुलै-ऑगस्टात गर्दी फार. बालीचे शकाब्द नववर्ष, ‘न्येपी’, मार्चच्या सुमारास येते. 2023 साली ते व आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले, आणि दोन्हीकडे शके 1945 लागले. त्या दिवशी बालीत अहोरात्र मौन पाळतात. दिवे नाहीत, रस्त्यावर मनुष्य नाही, विमानतळही बंद. हा दिवस अनुभवण्यासारखा आहे, परंतु त्या दिवशीचे परतीचे तिकीट काढू नये.

शाकाहारी मंडळींनी सावध असावे. टोफू व जावाचे आंबवलेल्या सोयाबीनचे ‘तेंपे’ हे पदार्थ उत्तम. परंतु चटणीत ‘तेरासी’ नावाचा कोळंबीचा गोळा बहुधा असतो, आणि आपल्या पापडासारखा दिसणारा ‘क्रुपुक’ पुष्कळदा कोळंबीचाच असतो. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. मासा, कोळंबी, अंडे यांची नावे घेऊन नको म्हणावे.

यावर उपाय म्हणून शेगडी, डाळतांदूळ व मसाल्याचे डबे बरोबर नेण्याची आपली जुनी रीत आहे. तिचा परिणाम असा, की पुरुष देवळे पाहतात आणि सुना परदेशातही खिचडी शिजवितात. मेतकूट, चिवडा, दशम्या खुशाल न्याव्यात. शेगडी मात्र नेऊ नये. जेथे शाकाहारी स्वयंपाक नीट होतो अशी वसतिगृहे थोडे अधिक मूल्य देऊन आधी ठरवावीत. गृहिणीस चौदा दिवस ‘आज काय करू?’ हा प्रश्न पडू नये, यासाठी खर्चिलेला पैसा हा सफरीतील सर्वांत सार्थ खर्च होय. दुसरा सार्थ खर्च जाणत्या मार्गदर्शकाचा, आणि तिसरा कुटुंबापुरत्या स्वतंत्र मोटारीचा. दिवाणखान्याएवढी निजण्याची खोली यानंतर.

कागदपत्रांत पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. भारतीयांस तेथे उतरल्यावर तीस दिवसांचा परवाना शुल्क भरून मिळत आला आहे. बालीत फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख रुपियांचा निराळा पर्यटन-आकार आहे. आकडा ऐकून घाबरू नये, तेथील रुपिया फार हलका आहे. नियम व शुल्क निघण्यापूर्वी पुन्हा पडताळावे. वृद्धांचा विमा उतरविताना जुने विकार लपवू नयेत. लपविलेल्या विकारावर ऐनवेळी भरपाई मिळत नाही. सहलीच्या रकमेवर प्रवाससंस्था जो कर उगमस्थानी घेते, तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याची पावती जपावी.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. एकत्र कुटुंबात सर्व जण कधीच जात नाहीत. देवपूजा, गुरे, शेत, शेजारची अंथरुणाला खिळलेली आत्या, यांसाठी कोणी तरी मागे राहते. आणि बहुतेक घरांत दर खेपेस तेच जोडपे राहते. ते तोंडाने कधी ‘आम्हांस जावयाचे आहे’ म्हणत नाही, म्हणून त्यास इच्छा नाही असे समजले जाते. आमची विनंती अशी, की यादी करताना पहिली नावे त्यांची लिहावीत. मागील खेपेस जे गेले होते त्यांनी या खेपेस घर सांभाळावे. परदेशी नोकरीस असलेल्या मुलाने पैसे भरले म्हणून सर्व बेत त्यानेच ठरवावा, हेही योग्य नव्हे. घर राखणाऱ्यांचेही त्यात तितकेच द्रव्य आहे, मात्र ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

तेव्हा येत्या दिवाळीस असा प्रस्ताव निघाल्यास प्रथम घरातील सर्वांस एकत्र बसवावे. नकाशा पसरावा, पंचांग पाहावे, आजीचे गुडघे विचारात घ्यावेत, मागे कोण राहणार हे ठरवावे. नंतरचे चार महिने रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलांकडून रामायण व जातककथा मोठ्याने वाचून घ्याव्यात, पु. ल. देशपांडे यांचे 1963 सालचे ‘पूर्वरंग’ही त्यात असू द्यावे. रंगीत पत्रक त्यानंतर उघडावे.