शोषखड्डा तुंबला? आधी गाळ बघा

सख्यांनो, शोषखड्डा झाला तेव्हा दारातली गटार गेली, बरं वाटलं. पण दोन-तीन पावसाळे झाले की काही घरी मोरीचं पाणी परत अंगणात येतं. मग घरचे म्हणतात, "खड्डा बाद झाला, बुजवून टाका." थांबा! बहुतेक वेळा खड्डा बाद नसतो, गाळाने भरलेला असतो.

आपल्याकडच्या जादुई खड्ड्यात मधोमध सिमेंटची टाकी आणि भोवती दगड असतात. राख, माती, खरकटं, केस टाकीच्या तळाशी बसतात. निवळलेलं पाणी वरच्या भोकांतून दगडांत जातं आणि जमिनीत मुरतं. गाळ भोकांपर्यंत चढला की तोही दगडांत शिरतो आणि फटी बुजतात. टाकीतला गाळ काढणं सोपं. पण दगड उपसून धुवायचे तर दिवस मोडतो.

म्हणून एवढं करा:

• मोरीच्या तोंडाला जाळी लावा. खरकटं उकिरड्यात टाका.
• महिन्यातून एकदा झाकण काढून काठीने गाळ मोजा. भोकांच्या खाली वीतभर जागा उरली की काढायला घ्या.
• आधी पाणी बादलीने उपसा, मग लांब दांड्याच्या डब्याने गाळ काढा. आत कुणी उतरायचं नाही. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.
• गाळ विहीर-हातपंपापासून लांब पुरा.
• पागोळ्यांचं पाणी आणि संडासचं पाणी या खड्ड्यात सोडू नका.
• झाकण घट्ट बसवा. लेकरं अंगणातच खेळतात.

टाकी साफ करूनही पाणी उतरत नसेल तर दगड तुंबलेत. उन्हाळ्यात ते काढून धुवा आणि परत भरा. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं. तिथे एक खड्डा पुरत नसेल तर दुसऱ्यासाठी ग्रामसभेत विषय मांडा.

हे टाळू नका. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. तापाने माणूस पडलं की बुडते ती आपलीच मजुरी, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एकमेकींना विचारा, "तुझ्या खड्ड्यात गाळ किती?" आणि मे महिना संपायच्या आत गटातले सगळे खड्डे मिळून साफ करा.