चंचल मन आणि चालते पाय

मन हें मोठें चमत्कारिक आहे. हाताला "थांब" म्हटलें कीं हात थांबतो; मनाला "थांब" म्हटलें कीं तें दुप्पट वेगानें धांवूं लागतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं हा अनुभव पुष्कळांना येतो. पुस्तक मिटलेलें असतें, दिवा मालवलेला असतो. पण डोक्यांत प्रमेयें, सनावळ्या आणि वाचावयाचे राहून गेलेले धडे यांची जत्रा भरलेली असते. अशा वेळीं मनाशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. मनाला वळविण्याची सोपी वाट शरीरावरून जाते. ती कशी, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें कां होतें तें पाहूं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं भय, क्रोध व भूक यांचे शरीरावर होणारे परिणाम विशद करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट दिसतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळतें. हृदय धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, स्नायूंना अधिक रक्त मिळतें. ही सारी तयारी पळण्यासाठीं किंवा लढण्यासाठीं असते. नागझिऱ्याच्या रानांत वाघाची चाहूल लागलेल्या हरणाला ती उपयोगीं पडते. तें पळतें, वाचतें आणि कांहीं वेळानें पुन्हां चरूं लागतें. आपला वाघ मात्र प्रश्नपत्रिकेच्या रूपानें येतो. शरीर पळण्यास सज्ज होतें, आणि आपण खुर्चीवर बसून राहतों. तयारी खर्ची पडत नाहीं. आणि छातींतली धडधड ऐकून मन समजतें कीं संकट अजून टळलेलें नाहीं.

म्हणून पहिला उपाय चालण्याचा. २०१५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं कांहीं निरोगी माणसांना दीड तास चालावयास पाठविलें. कांहींना झाडांझुडपांच्या प्रदेशांतून, तर कांहींना गर्दीच्या हमरस्त्याच्या कडेनें. झाडींतून चालून आलेल्यांचें तीच ती चिंता उगाळीत बसणें कमी झालें, आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा उगाळण्याशीं संबंध आहे त्याचें कार्यहि मंदावलेलें आढळलें. हमरस्त्यानें चाललेल्यांत असा फरक दिसला नाहीं. आपला गोंदिया जिल्हा तर तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. तलावाची पाळ आणि धानाच्या बांध्यांमधली पायवाट ज्याच्या गांवाजवळ आहे, त्यानें सायंकाळीं तिकडेच पाय वळवावे. मोबाइल मात्र घरीं ठेवावा.

दुसरा उपाय तालाचा. पावसाळ्यांत रोवणीच्या वेळीं बांधीच्या चिखलांत ओणव्या होऊन पऱ्हे लावणाऱ्या बायकांचे हात पहा. ते एका लयींत चालतात, आणि तोंडीं पुष्कळदां गाणें असतें. तें काम कष्टाचें आहे. त्याला कोणी करमणूक म्हणूं नये. तथापि त्या लयींत एक मर्म आहे. हात तालांत गुंतले आणि ओठ गाण्यांत गुंतले, म्हणजे चिंतेला शिरण्यास फारशी फट उरत नाहीं. कारण आपलें लक्ष एका वेळीं फार थोड्या गोष्टींवर टिकतें. लेझीम, दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार यांतहि हेंच मर्म आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. त्यांत प्रत्येक हालचालीला श्वासाची जोड असते. श्वास घेतांना हृदयाची गति किंचित वाढते व सोडतांना मंदावते. म्हणून उच्छ्वास सावकाश व लांब करणें हितकारक ठरतें. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांच्या अशा परिणामांची प्रयोगशाळेंत परीक्षा करण्याचा प्रघात पाडला.

तिसरा उपाय अंथरुणांतला. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनीं स्नायु शिथिल करण्याची एक रीति शोधून १९२९ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. तिचें सोपें रूप असें: उताणें निजावें. उजवी मूठ पांच अंक मोजेपर्यंत आवळावी, मग एकदम सैल सोडावी, आणि ताण व सैलपणा यांतला भेद शांतपणें अनुभवावा. मग डावी मूठ, खांदे, कपाळ, पोट आणि शेवटीं पाय, असें क्रमानें करावें. स्नायु सैल पडले कीं मनहि सैल पडूं लागतें. पहिल्याच रात्रीं हें साधेल असें नाहीं. म्हणून परीक्षेपूर्वीं महिनाभर अगोदर आरंभ करावा.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कोणाचे नमस्कार किती, कोणाचे कोस किती, अशी चुरस येथें नको. तसें केल्यास व्यायामाचीहि परीक्षाच होऊन बसेल. तसेंच, ज्याला आठवडेच्या आठवडे झोंप लागत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जगणेंच नकोसें वाटतें, त्यानें केवळ चालण्यावर विसंबूं नये. आईवडिलांना किंवा शिक्षकांना विनासंकोच सांगावें, आणि त्यांनींहि त्याला न रागावतां डॉक्टरांकडे न्यावें.

आतां पालकांस एक विनंति. माघ-फाल्गुन आला कीं अनेक घरांत मुलांचें मैदान बंद होतें आणि सायकल कुलुपांत जाते. हेतु चांगला असतो. परंतु त्यायोगें शरीरांतली ती धडधड बाहेर पडण्याचें दारच बंद होतें. मूल चार तास पुस्तकापुढें बसतें, पण त्यांतला किती वेळ तें वाचतें आणि किती वेळ घाबरतें, हें कोण मोजतो? वाचलेलें स्मरणांत पक्कें होण्यास झोंप लागते, आणि झोंपेला शांत मन व दमलेलें शरीर लागतें. तेव्हां ऐन परीक्षेच्या दिवसांतहि सायंकाळचा अर्धा तास मुलाला मोकळा द्यावा. जमल्यास आपणहि त्याच्याबरोबर तलावापर्यंत चालत जावें, आणि वाटेंत गुणांची गोष्ट काढूं नये.