काटेरी घुमटातला व्हर्डिन

व्हर्डिन हा उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला चिमुकला गायक पक्षी आहे. त्याची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर आणि वजन ६ ते ८ ग्रॅम असते; म्हणजे तो साधारण आपल्याकडच्या शिंजिराएवढाच. अंगाचा रंग राखाडी, डोके आणि गळा पिवळा, खांद्यावर तांबूस-तपकिरी डाग आणि चोच टोकदार. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. पिल्ले मात्र संपूर्ण राखाडी असतात. पिवळे डोके आणि तांबूस खांदा त्यांना पुढे पिसे बदलल्यावर येतो. शास्त्रीय नाव ‘ऑरिपारस फ्लॅविसेप्स’. यातल्या ‘फ्लॅविसेप्स’चा अर्थच पिवळ्या डोक्याचा.

वर्गीकरणात हा पक्षी ‘रेमिझिडी’ कुळात मोडतो. या कुळातले बाकीचे पक्षी युरोप, आशिया आणि आफ्रिकेत राहतात, आणि त्यांतले बरेचसे फांदीला नमद्यासारखी मऊ, लोंबती पिशवी विणण्यासाठी प्रसिद्ध आहेत. अमेरिका खंडात या कुळाचा व्हर्डिन हा एकमेव प्रतिनिधी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको हा त्याचा मुलूख. सोनोरा, मोहावे आणि चिवावा या तिन्ही वाळवंटांत तो बारमाही राहतो. कोरड्या ओढ्यांच्या काठची काटेरी झुडपे त्याला विशेष मानवतात. त्यांत मेस्कीट हे झाड महत्त्वाचे. महाराष्ट्रात पडीक जमिनींवर माजलेली वेडी बाभूळ याच मेस्कीटच्या प्रजातीतली.

वाळवंटात लहान असणे गैरसोयीचे असते. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. त्यामुळे ते झटकन तापते आणि झटकन निवते. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. सोनोरातल्या उन्हाळ्यात हवेचा पारा त्याच्याही वर चढतो. मग उष्णता अंगातून बाहेर जाण्याऐवजी हवेतूनच अंगात शिरू लागते. अशा वेळी पाण्याचे बाष्पीभवन हाच थंड होण्याचा मार्ग उरतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. थोडे पाणी त्वचेतून उडते; पण कडक उन्हात व्हर्डिनची मुख्य भिस्त धापा टाकून श्वासावाटे पाणी उडवण्यावर असते. सात ग्रॅमच्या देहात पाण्याचा साठा तो केवढा! म्हणून पाणी खर्चण्याआधी ऊन चुकवणे त्याला भाग पडते. सकाळी तो चपळाईने चारा शोधतो आणि दुपारी झुडपाच्या दाट सावलीत हालचाल कमी करतो. उन्हातून सावलीत गेल्याने पाण्याचा खर्च पुष्कळच वाचतो, हे वुल्फ आणि वॉल्सबर्ग या संशोधकांनी १९९० च्या दशकात मोजून दाखवले आहे.

पाण्याची बरीचशी गरज अन्नातूनच भागत असल्याने पाणवठ्यापासून दूरही त्याचे निभते. अळ्या, कीटक, त्यांची अंडी आणि कोळी हे त्याचे मुख्य खाद्य. फांदीच्या टोकाला उलटा लोंबकळून तो पानापानाची तपासणी करतो. रसाळ फळे आणि फुलांतला मधही त्याला चालतो. लांबट फुलांच्या तळाशी चोचीने भोक पाडून तो मध चोरतो. गुंजनपक्ष्यांसाठी बागेत टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यांवरही तो हजेरी लावतो.

या पक्ष्याची खरी करामत त्याच्या घरट्यात आहे. काटेरी झुडपाच्या फांदीवर तो काड्यांचा भक्कम, गोलाकार घुमट उभारतो. विणीच्या घरट्याचा बाहेरचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर भरतो आणि एका घरट्याला २,००० पर्यंत काड्या लागू शकतात. काट्यांची टोके बाहेर राहतील अशी त्यांची मांडणी असल्याने भक्षकांना हात घालणे अवघड जाते. आत गवत, कोळ्याचे जाळे, पिसे आणि वनस्पतींचा मऊ कापूस यांचे अस्तर असते. दार बाजूला, खालच्या अंगाला. बाहेरचा सांगाडा मुख्यतः नर रचतो. अस्तराचे काम बहुतांशी मादीचे.

घरट्याचे तोंडही ऋतू पाहून ठरते. जॉर्ज ऑस्टिन यांनी दक्षिण नेवाडात केलेला अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाच्या सुरुवातीच्या घरट्यांची दारे थंड वाऱ्याकडे पाठ करून होती, तर उन्हाळा तापल्यावर बांधलेल्या घरट्यांची दारे वाऱ्याच्या दिशेला. आधी ऊब टिकवायची आणि पुढे हवा खेळती ठेवायची, असा हा हिशेब.

मादी बहुधा चार निळसर-हिरवी, तांबूस ठिपक्यांची अंडी घालते आणि एकटीच ती उबवते. पिल्लांना मात्र दोघेही भरवतात. सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले उडू लागतात. तरी रात्री झोपायला ती काही दिवस घरट्याकडेच परततात. हंगाम बरा असेल तर जोडी दुसरी वीणही काढते.

सुगरणीचे घरटे विणीपुरते असते. व्हर्डिनला घरटे वर्षभर लागते. पिल्ले वाढवण्याच्या घरट्याखेरीज तो झोपण्यासाठी वेगळी, लहान घरटी बांधतो आणि त्यात एकेकटा झोपतो. वाळवंटातल्या हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. जाड भिंतींच्या आडोशाने वारा अडतो आणि शरीराची ऊर्जा कितीतरी कमी जळते, हे १९८७ मधील एका अभ्यासातून दिसले. कोरड्या हवेत ही घरटी लवकर कुजत नाहीत. म्हणून पक्ष्यांच्या मानाने घरट्यांचीच संख्या अधिक दिसते.

जागतिक पातळीवर व्हर्डिन आज धोक्यात नाही. पण अमेरिकेतील गणनांत त्याची संख्या घटताना आढळते. झुडपे तोडून वस्त्या वाढल्या की त्याची जागा जाते. स्थानिक काटेरी झाडे राखलेल्या बागांत मात्र तो शहरातही टिकतो. मोहावेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्षीतज्ज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी पाहिलेल्या जागा पुन्हा तपासल्यावर प्रत्येक ठिकाणच्या पक्षिजातींत सरासरी ४३ टक्के घट आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी झालेला पाऊस हे त्यामागचे मोठे कारण ठरले.