दोन नद्यांमधले गाव : लेखांक सातवा — केरोची खानेसुमारी

मागच्या खेपेस अमेरिकेच्या यादवी युद्धातील जनरल ग्रँटच्या छावणीचे वचन दिले होते; परंतु मध्यंतरी एका वाचकभगिनींचे जे पत्र आले, त्यातील पृच्छा इतकी रोखठोक आहे की सेनापतींना तूर्त तंबूतच बसवून ठेवणे भाग आहे. त्या विचारतात की, अमेरिकेतील मिसिसिपी व ओहायो या नद्यांमधल्या केरो गावात १९२० च्या खानेसुमारीत १५,२०३ माणसे आणि २०२० च्या खानेसुमारीत १,७३३, हे दोन आकडे आपण एका ओळीत देऊन पुढे निघून गेलात. मग मधली साडेतेरा हजार माणसे पुरात वाहून गेली की काय?

पुरामुळे एकही माणूस गाव सोडून गेला नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. पण गाव रिते करण्याचा आरोप नदीवर ठेवता येत नाही. १८५८ साली बांध फुटून केरो पाण्याखाली गेले, हे खरे. पुढे मात्र बांध उंचावत गेले, ओहायोच्या अंगाला काँक्रीटची भिंत उभी राहिली, आणि उत्तरेस जेथे हमरस्ता रेल्वेच्या भरावाखालून गावात शिरतो तेथे एक अगडबंब पोलादी दरवाजा बसविण्यात आला. हा दरवाजा एरवी रस्त्याच्या डोक्यावर उचललेला असतो. पाणी चढू लागले म्हणजे तो खाली सोडतात, आणि मग केरो हे शब्दशः बेट होते. (या दरवाजावर एक स्वतंत्र लेखांक लिहिण्याचा मोह मी आजवर आवरला आहे, किती काळ आवरेल ते सांगवत नाही.) भिंतीची मर्यादा नदीमापकावर ६४ फुटांची. २ मे २०११ रोजी पाणी ६१.७ फुटांवर पोहोचले, तेव्हा पलीकडच्या मिसुरी तीरावरचा बांध लष्कराच्या स्थापत्य विभागाने सुरुंग लावून उडविला आणि सुमारे १,३०,००० एकर शेतजमिनीवर पाणी सोडून दिले. १९३७ सालीही हाच उपाय योजिला होता. त्या एकरांत पिनहुक नावाचे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे एक चिमुकले खेडे होते. त्याची हकीकत जाता जाता उरकणे मला प्रशस्त वाटत नाही. ती सवडीने येईल. येथे एवढेच नमूद करतो की दोन्ही वेळा केरो वाचले. आणि वाचलेल्या त्या गावातून माणसे मात्र जातच राहिली.

याचे कारण माझ्या मते असे की केरो हे नद्यांवर जगत नव्हते. ते नद्या घालीत असलेल्या अडथळ्यावर जगत होते. शिकागोकडून आलेली आगगाडी ओहायोच्या काठाशी येऊन थबके, माल उतरे, तो नावेत चढे, आणि या चढउतारीत हमाल, कारकून, अडते, खानावळवाले व दारूचे गुत्तेवाले अशा साऱ्यांचे पोट भरे. त्यात आणखी गंमत अशी की ओहायोच्या उत्तरेस रुळांमधील अंतर चार फूट साडेआठ इंच आणि दक्षिणेस पाच फूट. म्हणून १८८१ मध्ये दक्षिणेचे रूळ बदलेपर्यंत पलीकडे जाणारा डबा वर उचलून त्याच्या खालची चाकेच बदलावी लागत. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या या गावी केंद्र सरकारने चुनखडीच्या दगडाचे जे भारदस्त जकातघर बांधले आणि जे १८७२ साली पुरे झाले, ते आजही उभे आहे. त्याच्या उंच खिडक्यांकडे पाहिले की सरकारदरबारी या ठिकाणाविषयी केवढी उमेद होती, ते कळते.

परंतु अडथळा हा कोणी कायम ठेवण्यासाठी जोपासत नाही. १८८९ साली ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. १९०५ साली मिसिसिपीवर, केरोला वळसा घालून, थीब्ज येथे दुसरा झाला. १९२९ मध्ये मिसिसिपीवर आणि १९३८ मध्ये ओहायोवर मोटारींचे पूल झाले, आणि ज्या तराफ्यांसाठी लोक गावात खोळंबून राहत ते तराफे निकामी झाले. १९७८ साली नव्या महामार्गाचा पूलही गावाच्या उत्तरेकडून परस्पर निघून गेला. प्रत्येक पुलाच्या उद्घाटनास गावकरी हौसेने टाळ्या वाजवीत असतील, अशी माझी कल्पना आहे.

तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धा हिशेब मांडून दप्तर बांधणे होय. कारण रेल्वेचे पूल होऊन गेल्यावरही लाकूड कापण्याच्या गिरण्यांच्या जोरावर गाव वाढत राहिले, आणि १९४० सालीसुद्धा वस्ती १४,४०७ होती. उतरण लागली ती त्यानंतर: १९५० ला १२,१२३, १९६० ला ९,३४८, १९७० ला ६,२७७. येथे पुन्हा नकाशाच उलगडावा लागतो. केरो उत्तरेकडील इलिनॉय राज्यात आहे खरे, परंतु यादवी युद्धात दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंडपेक्षाही ते अधिक दक्षिणेस येते. युद्धकाळी गुलामगिरीतून निसटलेली माणसे नदीमार्गे येथे येऊन पोहोचली, त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वस्तीचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग कृष्णवर्णीयांचा होता. कायदा उत्तरेचा आणि वहिवाट दक्षिणेची, असा हा संसार. १९६० नंतर पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करण्याची मागणी झाली तेव्हा तो खुला करण्याऐवजी बंदच करण्यात आला. १९६७ साली एका कृष्णवर्णीय तरुण सैनिकाचा कोठडीत मृत्यू झाला आणि दंगल उसळली. १९६९ पासून, कृष्णवर्णीयांना नोकरीस न ठेवणाऱ्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. तेव्हा कित्येक दुकानदारांनी एक कृष्णवर्णीय नोकर ठेवण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणे पत्करले! बाजारपेठेतील रस्त्याचे नाव ‘कमर्शियल अव्हेन्यू’. तेथील ओसाड दुकानांची जी छायाचित्रे अलीकडे पुष्कळ छापली जातात, त्यांखाली या कुलपांचा उल्लेख क्वचितच असतो.

शिवाय अन्यत्र गोरा मध्यमवर्ग शहर सोडून शेजारच्या उपनगरात गेला, तो निदान त्याच परिसरात राहिला. केरोच्या दोन बाजूंना नद्या आणि उत्तरेस सखल चिंचोळा पट्टा. येथून निघालेला मनुष्य बहुधा परगावीच जातो, आणि खानेसुमारीत त्याची जागा रिकामी राहते. २०१७ साली केंद्रीय गृहनिर्माण खात्याने एलमवूड व मॅकब्राइड या मोडकळीस आलेल्या सरकारी चाळी रिकाम्या करण्याचे ठरविले, आणि गावात भाड्याने घेण्याजोगी पर्यायी घरे नसल्याने शेकडो रहिवाशांना पोराबाळांसह बाहेरगावी बिऱ्हाड हलवावे लागले. २०१० ची २,८३१ ही संख्या दहा वर्षांत १,७३३ वर आली, तीत या हुकमाचा वाटा मोठा आहे.

आता राज्य सरकारने येथे नवे नदीबंदर उभारण्यासाठी ४ कोटी डॉलर देऊ केले आहेत. पेट्या बोटीवरून उतरवून आगगाडीवर चढवाव्यात, अशी योजना आहे. म्हणजे पुन्हा तीच चढउतार. मात्र पूर्वी ती शेकडो हातांनी होई आणि आता ती याऱ्यांनी होईल, तेव्हा तिच्यातून गावाच्या पदरात किती चुली पडतील, याविषयी मी साशंक आहे.